जेवणाची वेळ कळते कशी?

ऑगस्ट फोरेल नावाचे एक स्विस शास्त्रज्ञ होते. ते बाहेर उघड्यावर नाश्त्याला बसायचे, टेबलावर जॅम असायचा, त्यावर मधमाश्या यायच्या. यात विशेष काही नाही. पण ज्या दिवशी जॅम नसायचा त्या दिवशीही माश्या त्याच वेळेला हजर! (रविवारी रात्री मेस बंद असते हे चार वर्षांत लक्षात न राहिलेले, कुलूप बघून परत येणारे महाभाग आपल्याकडेही आहेत. नावं घेत नाही.)

माश्या सूर्य बघून येत असतील, ही शंका कुणालाही येईल. ती फेडायला माक्स रेनर यांनी १९५५ साली जे केलं ते मला भलतंच आवडलं. पॅरिसला एका बंद खोलीत, सतत सारख्या उजेडात, त्यांनी चाळीस माश्यांना रोज ठरल्या वेळी साखरपाणी प्यायची सवय लावली. मग रातोरात विमानाने न्यूयॉर्कला नेऊन त्यांना तशाच खोलीत सोडलं. माश्या आल्या त्या आधीच्या जेवणाला चोवीस तास झाल्यावर, म्हणजे चक्क पॅरिसच्या वेळेवर. घड्याळ माशीच्या अंगातच होतं.

उंदरांची गोष्ट आणखी मजेशीर. रोज एकाच वेळी खायला दिलं की काही दिवसांत ते दोन-तीन तास आधीपासूनच चाकावर पळायला लागतात. मेंदूतलं उजेडावर जुळणारं मुख्य घड्याळ निकामी केलं तरी ही तयारी थांबत नाही, हे १९७९ साली दिसून आलं. थोडक्यात, अन्नाचं घड्याळ वेगळं आहे. आता इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी लक्ष द्या. हा नुसता टायमर असता तर दर अठरा तासांनी खायला दिलं तरी उंदीर आधीच तयार झाला असता. तसं होत नाही. चोवीस तासांच्या आसपासच जमतं. म्हणजे हा ऑसिलेटर आहे, आणि त्याची लॉक होण्याची रेंज छोटी आहे!

माणसाचंही फार वेगळं नाही. पोटातून येणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी रक्तात वाढतं.

हे सगळं शोधायचं खरं कारण आता सांगतो. आपल्या मेसच्या मागच्या दाराशी रोज साडेसातला येणारा कुत्रा. (प्रत्येक बॅचने त्याचं नाव बदललंय.) दिवाळीत तीन आठवडे मेस बंद. वॉचमनकाका सांगतात, गेल्या वर्षी तो कितीतरी दिवस त्या बंद दाराशी येऊन बसायचा. उंदरांचं खाणं पूर्ण थांबवलं तरी ते पुढचे काही दिवस त्याच वेळी धावपळ करतात. कुत्रा म्हणजे उंदीर नव्हे, पण लक्षण तेच दिसतंय.

म्हणून या वेळी सुट्टीच्या आठवडाभर आधीपासून त्याची भाकरी गेटजवळच्या केबिनपाशी द्यायची असं मेसच्या मामांशी बोललोय. वेळ मात्र साडेसातचीच. सुट्टीत काका देतील. पिठाचे पैसे टाकायला केबिनमध्ये बिस्किटांचा रिकामा डबा ठेवलाय, काल संध्याकाळपर्यंत त्यात अकरा रुपये होते.