काळी कोंबडी दिसली म्हणजे ती कडकनाथच का?

ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर आजचा भाग इथे वाचून घ्या.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार या पट्ट्यातला. भिल्ल, भिलाला कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला. तिकडे त्याला ‘कालीमासी’ म्हणतात. पिसं, कातडी, मांस, अगदी हाडांवरही काळी झाक! अंडी मात्र काळी नसतात हं, फिकट तपकिरी असतात. काळी अंडी कुणी विकत असेल, तर सरळ पुढे चला. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये जीआय टॅगही मिळाला.

मग एवढी मागणी असताना जात धोक्यात कशी?

पहिलं कारण, रंग फसवतो. हा काळेपणा देणारा जनुक प्रभावी असतो. म्हणजे कडकनाथ कोंबडा आणि साधी गावठी कोंबडी यांची पिल्लंही बऱ्याचदा काळपट निघतात. बाजारात ती ‘कडकनाथ’ म्हणूनच खपतात. असं तीन-चार पिढ्या चाललं, की रंग थोडाफार टिकतो आणि जात हातातून जाते.

दुसरं कारण, हिशेब. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. कडकनाथला पाच-सहा महिने द्या, तेव्हा कुठे सव्वा किलोच्या आसपास. अंडी वर्षाला शंभरेक. त्यात ही कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, त्यामुळे अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली नाहीतर मशीनमध्ये उबवावी लागतात. म्हणूनच लवकर पैसा हवा असणारे संकराकडे वळतात.

तिसरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. समजा, तुमच्याकडे 1 कोंबडा आणि 10 कोंबड्या आहेत. मोजायला 11 पक्षी. पण प्रत्येक पिल्लाचं अर्धं रक्त त्या एकाच कोंबड्याचं! वंशाच्या हिशेबात हा कळप चार पक्ष्यांएवढाही भरत नाही. 5 कोंबडे आणि 50 कोंबड्या ठेवल्या, तर तोच आकडा 18 च्या वर जातो. म्हणून नुसती संख्या वाढवून जात वाचत नाही. कोंबडे जास्त हवेत, एकमेकांच्या नात्यातले नकोत, आणि दर पिढीला दुसऱ्या कळपातून बदलायला हवेत.

आणि सगळे पक्षी एकाच ठिकाणी नकोत. जानेवारी 2021 मध्ये झाबुआच्या एका फार्मवर बर्ड फ्लू आला आणि महेंद्रसिंह धोनीने मागवलेली 2000 पिल्लं देणं त्या शेतकऱ्याला शक्य झालं नाही. एक साथ, आणि अख्खा कळप गेला!

आता तुमच्यापैकी कुणी पाळायचं ठरवत असेल, तर पिल्लांचा रंग बघून पैसे देऊ नका. आई-बाप पक्षी दाखवा म्हणा. कोंबडे किती, कधी बदलले, नोंदवही आहे का, हे विचारा. ‘पक्षी आम्हीच परत विकत घेऊ, पैसे दामदुप्पट’ असं कुणी म्हणालं, तर सावध व्हा. 2019 च्या सुमारास सांगली-कोल्हापूरकडे अशाच योजनांत कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले होते.

तुमच्या गावात जुन्या जातीच्या कोंबड्या कुणी राखल्यात का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!