वाचलेला पैसा कुणाचा?

ऑगस्ट २००५च्या अखेरीस कतरीना वादळाने न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली घातलं आणि असंख्य केसपेपरांचा लगदा झाला. कोणती गोळी चालू होती, डोस किती, हे परगावी पोचलेल्या रुग्णांना आठवून आठवून सांगावं लागलं. माजी सैनिकांवर ती वेळ आली नाही. त्यांच्या सरकारी रुग्णालयांतल्या नोंदी ‘व्हिस्टा’ या संगणक प्रणालीत होत्या. दुसऱ्या राज्यातल्या त्याच व्यवस्थेच्या डॉक्टरांना त्या उघडता आल्या.

त्याच सप्टेंबरात रँड या संशोधन संस्थेचा अंदाज प्रसिद्ध झाला. सगळ्या अमेरिकेने अशा नोंदी नीट वापरल्या, तर वर्षाला ८१ अब्ज डॉलर वाचू शकतील, असं त्यात म्हटलं होतं. आदल्याच वर्षी अध्यक्ष बुश यांनी दहा वर्षांत बहुतेक नागरिकांची नोंद संगणकावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. २००९मध्ये ओबामांच्या काळात कायदा झाला आणि रुग्णालयांना अब्जावधी डॉलरचं अनुदान मिळू लागलं. २००८मध्ये दहातल्या एका रुग्णालयातही धड प्रणाली नव्हती. २०१५पर्यंत ती जवळपास सगळीकडे पोचली.

खर्च मात्र उतरला नाही. २००५मधला सुमारे २ लाख कोटी डॉलरचा वार्षिक आरोग्यखर्च काही वर्षांतच २.८ लाख कोटींवर गेला. २०१३मध्ये रँडच्याच संशोधकांनी मागे वळून कारणं मांडली: प्रणाली एकमेकींशी बोलत नाहीत, वापरायला अवघड आहेत आणि उपचारांची जुनी पद्धत कुणी बदललीच नाही. २०१६च्या एका अभ्यासात तर रुग्णासोबतच्या दर तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास संगणक आणि कागदपत्रांत जाताना दिसले.

मग माजी सैनिकांच्या रुग्णालयांना पैसे वाचवणं कसं साधलं? टोपेका शहरातल्या त्यांच्या रुग्णालयात सू किनिक नावाच्या परिचारिका होत्या. भाड्याची गाडी परत करताना तिथला कर्मचारी बारकोड स्कॅन करतो, हे त्यांनी पाहिलं आणि औषधं देताना हेच का करू नये, असा प्रश्न विचारला. त्यातून रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाचं पाकीट, दोन्ही स्कॅन करण्याची पद्धत आली. जुळलं नाही, तर सूचना येते आणि चुकीचा डोस वेळीच थांबतो. इथल्या डॉक्टरांना पगार असतो, रुग्ण वर्षानुवर्षं तिथलाच राहतो. टळलेल्या चुकीचे, न केलेल्या तपासणीचे पैसे त्याच संस्थेकडे उरतात. गुंतवणूक वजा जाता २००७पर्यंत ३ अब्ज डॉलरहून जास्त लाभ झाल्याचा हिशेब २०१०मध्ये मांडला गेला.

इतरत्र बहुतेक ठिकाणी पैसे दर तपासणीमागे मिळत. प्रणालीचा खर्च रुग्णालयाचा, तपासणी टळली तर फायदा विमा कंपनीचा. नोंद दुसऱ्याला देणं म्हणजे रुग्ण हातचा घालवणं. शेवटी माहिती अडवून ठेवण्याला २०१६च्या कायद्याने मनाई केली; त्याचे नियम लागू व्हायला एप्रिल २०२१ उजाडला.

त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं; रुग्णाच्या नोंदी जोडणारा त्याचा चौदा अंकी क्रमांक आता आभा म्हणून ओळखला जातो. इथे हिशेब आणखी जवळचा आहे. २०२१-२२च्या राष्ट्रीय आकडेवारीत एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरलेला दिसतो.

माझ्या वडिलांना तालुक्याहून शहरात नेलं, तेव्हा रिपोर्टांनी भरलेली कापडी पिशवी माझ्या मांडीवर होती. क्रिएटिनिन, टू-डी इको, सगळं चार दिवसांपूर्वीचं. काउंटरवर उत्तर मिळालं, “बाहेरचे रिपोर्ट इथे चालत नाहीत.” पुन्हा सुई, पुन्हा बिल. कागद हरवला नव्हता, अक्षरही स्वच्छ होतं. तो रिपोर्ट संगणकावर असता, तरी त्या काउंटरवर हेच उत्तर मिळालं असतं. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट ग्राह्य धरण्याची सक्ती आणि लॅबच्या दर्जाची हमी, या दोन गोष्टी आभा क्रमांकाच्या जोडीला आल्या, तरच पुढच्या माणसाचं दुसरं बिल टळेल.