टेबलावरचा सप्लाय आणि खोडदची दुर्बीण

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञानदिनाच्या निमित्ताने, खोडदला जीएमआरटीच्या आवारात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे प्रदर्शन भरते. जुन्नर, आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरून मुले आपापली यंत्रे घेऊन येतात. ती पाहत हिंडताना माझे लक्ष टेबलावर असते तितकेच टेबलाखालीही जाते. कारण सगळ्या यंत्राला वीज पुरवणारा सप्लाय तिथे खाली असतो, आणि बहुधा सर्वांत कमी विचार त्याचाच झालेला असतो. कुठे मोबाईलचा चार्जर कापून लावलेला, कुठे जुन्या कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा. घरी इलेक्ट्रॉनिक्सचे टेबल मांडणाऱ्याने पहिली खरेदी कोणती करावी, असे मला कोणी विचारले तर मी सोल्डरिंग गनच्याही आधी सप्लायचे नाव घेतो.

पूर्वीचा सप्लाय म्हणजे वजनदार ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक मोठा कपॅसिटर आणि ७८१२ सारखा रेग्युलेटर. साधा, सुटसुटीत, दुरुस्तीला सोपा. पण त्याचे दोन दोष आपल्या भागात फार जाणवतात. पहिला उष्णतेचा. आत १२ व्होल्ट घेऊन बाहेर ५ व्होल्टवर १ अँपिअर द्यायचा, तर मधले ७ वॅट नुसते तापण्यात जातात. कामाला ५ आणि धगीला ७! दुसरा दोष कमी दाबाचा. शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दाब १६० व्होल्टपर्यंत उतरलेला आपण पाहतो. ७८१२ ला १२ व्होल्ट देण्यासाठी आत किमान १४ व्होल्ट लागतात. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर १६० च्या दाबावर साडेदहाच्या आसपास देतो. तो एसी डीसी होऊन कपॅसिटरवर साठला, तरी डायोडचा तोटा वजा जाता १३ च्या थोडे वरच राहतात. मग रेग्युलेटर हात टेकतो आणि स्पीकरमधून घुंऽऽ ऐकू येते.

स्विचिंग सप्लाय, म्हणजे आपण ज्याला एसएमपीएस म्हणतो तो, वेगळ्या रीतीने काम करतो. पाटाला दारे धरणारा शेतकरी आठवा. वाफ्यात हवे तेवढेच पाणी जावे म्हणून तो फावड्याने दार उघडतो, भरले की बंद करतो. मधले अर्धवट काही ठेवत नाही. एसएमपीएस तेच करतो, फक्त सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा. २३० व्होल्टची वीज आधी थेट डीसी केली जाते. ती सुमारे ३२५ व्होल्ट होते. एक ट्रान्झिस्टर ती भराभर तोडतो-जोडतो. वेग इतका असल्याने ट्रान्सफॉर्मर फेराइटचा, मुठीत मावेल एवढा पुरतो. बाहेरचा दाब कमी-जास्त झाला की आतली नियंत्रक चिप दार उघडे ठेवण्याचा वेळ बदलते. ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद, त्यामुळे तो फारसा तापत नाही. चांगल्या सप्लायमध्ये शंभरातले ८० ते ९० वॅट कामी येतात. ज्यावर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असते तो १६० व्होल्टवरही बिनतक्रार १२ देतो. खेडेगावच्या टेबलासाठी हा गुण मी सर्वांत वरचा मानतो.

आता निवड. नुसती एलईडी पट्टी किंवा पंखा चालवायचा असेल तर जाळीदार पत्र्याच्या डब्यातला १२ व्होल्टचा सप्लाय पुरे. मात्र त्याच्या तोंडाशी २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. तो लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खोक्यात, फ्यूज लावून, हवा खेळेल असा बसवल्याशिवाय टेबलावर आणू नये. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. त्यावर १० अँपिअर लिहिलेले असले तरी मी ७ च धरतो. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखाली तो छापील आकडा टिकत नाही.

दुरुस्ती आणि शिक्षण दोन्ही करायचे असेल तर थोडे पैसे जास्त घालून ०-३० व्होल्ट, ५ अँपिअरचा, दोन्ही गुंड्या असलेला सप्लाय घ्यावा. एक गुंडी दाबाची, दुसरी प्रवाहाच्या मर्यादेची. खरी किंमत या दुसऱ्या गुंडीची आहे. नवी जोडणी पहिल्यांदा चालू करताना मर्यादा १०० मिलिअँपिअरवर ठेवली, तर उलटी लागलेली आयसी जळण्याआधीच मीटर सांगतो की काहीतरी चुकले आहे. एक बारकावा दुकानदार सांगत नाहीत: मर्यादा कमी ठेवली तरी सप्लायच्या तोंडाशी असलेला कपॅसिटर आधीच भरलेला असतो, आणि त्याचा साठा एका क्षणात बाहेर पडतो. नाजूक एलईडी तेवढ्यानेही जाते. म्हणून दाब शून्यावर आणावा, जोडणी करावी आणि मग गुंडी हळूहळू वर न्यावी.

आपल्याकडे या सप्लायला मिळणारे हमखास काम म्हणजे फवारणी पंपाची बॅटरी. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीला १४.४ व्होल्ट आणि जास्तीत जास्त १ अँपिअर पुरतो. मध्ये एक डायोड घालावा. नाहीतर वीज गेली की बॅटरी उलटी सप्लायमध्येच रिकामी होऊ लागते, आणि आपल्याकडे वीज सांगून जात नाही. डायोड अर्धा-पाऊण व्होल्ट खातो, तेव्हा दाब बॅटरीच्या टोकाशी मोजावा.

जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसचा मोह सगळ्यांना होतो. हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो; पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट मिळतात. फुकटात सोय होते, हे खरे. पण त्याला प्रवाहाची गुंडी नसते. लाल वायरीवर वीस-वीस अँपिअर देण्याची त्याची ताकद असते, आणि शॉर्ट झाले तर बारीक वायर वितळून टेबल पेटू शकते. प्रत्येक वायरीला २-३ अँपिअरचा फ्यूज घातला तरच तो वापरावा. डबा मात्र उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर वीज बंद केल्यावरही काही काळ ३२५ व्होल्ट राहू शकतात आणि तो झटका जीवघेणा असतो.

झटक्यावरून अर्थिंगचे सांगतो. सप्लायच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. बहुतेक एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून डब्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर डबा निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह इतका थोडा असतो की माणसाला मुंग्याच येतात. आयसी मात्र त्यानेही मरते. मुंग्या हे एक प्रकारे उपकारच समजा, कारण अर्थिंग नसल्याची बातमी त्या देतात. उद्या आतले इन्सुलेशन खरोखर फुटले तर त्या घरात मुंग्यांवर भागणार नाही. तीन पिनांचा प्लग लावून तिसरी पिन भिंतीच्या आत कुठेच न जोडलेली घरे थोडीथोडकी नाहीत. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवा. सप्लायवर जास्त खर्च करण्याआधी हा खर्च करावा.

राहिला गोंगाटाचा प्रश्न, आणि तो आपल्याच तालुक्यांत अधिक महत्त्वाचा का, ते खोडदमुळे कळते. सेकंदाला हजारो वेळा वीज तोडणारे कोणतेही यंत्र रेडिओलहरी बाहेर टाकतेच. सप्लाय ६५ किलोहर्ट्झवर चालत असेल तर त्याच्या पटी, म्हणजे ५८५, ६५०, ७१५, मीडियम वेव्हवर ठिकठिकाणी उमटतात आणि क्षीण होत होत बऱ्याच वरपर्यंत जातात. चांगल्या सप्लायमध्ये हे अडवायला विजेच्या वाटेवरच दुहेरी कॉइल आणि कपॅसिटर असतात. स्वस्त सप्लायमध्ये त्या जागा रिकाम्या ठेवून वायरीचे तुकडे जोडलेले आढळतात. आकाराने सारखे दिसणारे दोन सप्लाय किमतीत इतके वेगळे का, त्याचे निम्मे उत्तर इथे आहे.

जीएमआरटीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. त्यांतले १४ मध्यभागी चौरस किलोमीटरभर जागेत, आणि उरलेले १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन लांब हातांवर पसरलेले. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, त्यामागे डोंगरांच्या आडोशाने मिळणारी रेडिओशांतता हे एक मोठे कारण होते. दुर्बीण ऐकते सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान. तिच्यापर्यंत येणारे संदेश इतके क्षीण असतात की चंद्रावर मोबाईल चालू ठेवला, तर तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांत गणला जाईल. वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांचा गोंगाट गाळण्यासाठी सुधारित दुर्बिणीत वेगळी यंत्रणा बसवावी लागली. अलीकडे पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही या दुर्बिणीचा प्रश्न निघाला. आपल्या एका सप्लायने विश्वाचा शोध थांबत नाही; पण घरोघरी चार-पाच एलईडी दिवे, चार्जर आणि सप्लाय झाले की त्यांची बेरीज होते.

आपला सप्लाय किती बोलका आहे हे तपासायला महागडे यंत्र नको. सेलवर चालणारा रेडिओ घ्या, मीडियम वेव्हवर कोणतेही केंद्र नसलेल्या जागी काटा ठेवा आणि तो सप्लायजवळ न्या. हातभर अंतरावर खरखर विरली तर ठीक. दुसऱ्या खोलीतही ऐकू येत असेल तर बाहेर जाणाऱ्या वायरीचे पाच-सहा वेढे फेराइटच्या कड्यावर द्या, वायरी आखूड ठेवा आणि पुन्हा ऐका. काम नसेल तेव्हा प्लग काढून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहेच. सगळा प्लगबोर्ड बंद करूनही खरखर तशीच राहिली, आणि रेडिओ घेऊन अंगणातून विजेच्या खांबाकडे जाताना ती वाढत गेली, तर दोष घरातला नाही. खांबावर सैल जोड किंवा तडकलेला इन्सुलेटर असण्याची शक्यता आहे. लांबूनच खांबाचा क्रमांक टिपा आणि महावितरणच्या कार्यालयात कळवा. तिथे वर चढायचे काम त्यांच्या माणसांचे.