सरपंच कोणी निवडायचा? नववीच्या वर्गातला वाद

शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचा निकाल बहुधा पहिल्या मिनिटातच लागलेला असतो. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' हे खणखणीत आवाजात म्हणून झालं, चार ओळींची कविता झाली, टेबलावर मूठ आपटून झाली की ढाल नक्की. विषय 'भ्रष्टाचार : एक कीड' किंवा 'आजचा युवक आणि राजकारण'. भाषण बाईंनी नाहीतर काकांनी लिहून दिलेलं असतं. अलीकडे मोबाइलमधलं एआय अर्ध्या मिनिटात लिहून देतं आणि बाईंपेक्षा शुद्ध लिहितं. भ्रष्टाचाराची बाजू घेणारा सभागृहात कोणी नसतोच, त्यामुळे कोणाचं मत बदलायचा प्रश्नही येत नाही.

आपल्याशी सहमत नसलेल्या माणसाला पुराव्यानिशी पटवून देणं हे निराळं काम आहे आणि ते नववी-दहावीत शिकवता येतं. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक-राजकीय चळवळी यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. धड्याखाली उपक्रमही असतात. त्या उपक्रमांचं पुढे काय होतं, हे पालकांना चांगलं ठाऊक आहे: वर्तमानपत्रातली कात्रणं, रंगीत कार्डशीट, स्केचपेनची महिरप आणि सादर करण्याच्या आदल्या रात्री आईचं जागरण.

असा प्रकल्प जमतो की फसतो, हे विषयावर ठरतं. माझ्या तीन अटी असतात. दोन शहाणी, सज्जन माणसं या प्रश्नावर एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना असू शकतात का? निर्णय घेण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, हे सांगता येतं का? आणि पुराव्याचा निदान काही भाग मुलांना सायकलवर जाऊन गोळा करता येतो का? 'लोकसंख्या वाढ : शाप की वरदान' या अटींपुढे टिकत नाही. 'सरपंच थेट जनतेतून निवडावा की सदस्यांमधून?' हा टिकतो आणि ग्रामीण शाळेसाठी तर याच्याइतका चांगला विषय मला दुसरा माहीत नाही.

कारण महाराष्ट्राने या प्रश्नाचं उत्तर पाच वर्षांत तीनदा बदललं आहे. पूर्वी ग्रामपंचायतीचे निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. 2017 मध्ये कायदा बदलून सरपंच थेट मतदारांनी निवडायचा असं ठरलं. 2020 मध्ये सरकार बदललेलं होतं; पुन्हा सदस्यांमधून. 2022 मध्ये सरकार पुन्हा बदललं, पुन्हा थेट. म्हणजे सध्या विशीत असलेल्या एखाद्या तरुणाने एकाच गावात दोन्ही पद्धती पाहिल्या असण्याची शक्यता आहे. विधिमंडळात दोन्ही बाजूंनी भाषणं झाली आहेत, वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंचे अग्रलेख आहेत. मुलांना शून्यातून काही उभं करायचं नसतं.

शिवाय संविधानाने हा प्रश्न मुद्दामच मोकळा ठेवला आहे. 73व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद 243C मध्ये तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या पंचायतींचे अध्यक्ष सदस्यांमधूनच निवडायचे असं स्पष्ट आहे. गावपातळीवर मात्र राज्याच्या विधिमंडळाने कायद्याने ठरवावं असं म्हटलं आहे. म्हणून शेजारच्या गोव्यात पंच आपल्यातून सरपंच निवडतात आणि गुजरातेत लोक थेट निवडतात. एकाच देशात, एकाच संविधानाखाली हे दोन्ही चालतं, हे कळल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. पुस्तकात छापलं म्हणजे ते एकच बरोबर, हा आठ वर्षं मुरलेला समज तिथे हलतो.

आता वर्गात काय होतं ते जरा जवळून पाहू. पहिल्या तासाला मुलं लिहून आणतात, 'थेट सरपंच निवडल्याने लोकशाही बळकट होते.' वाक्य भारदस्त आहे, पण त्याला विरोध कसा करायचा? त्यात पकडायला काहीच नाही. मी विचारतो, बळकट म्हणजे गावात काय वेगळं दिसेल? थोडी कुजबुज होते आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणते, 'सर, मेंबरांना सहलीला नेणार नाहीत.' सगळा वर्ग हसतो, कारण सगळ्यांना माहीत आहे. सरपंचपदाच्या निवडीआधी किंवा अविश्वास ठरावाआधी सदस्य कुठेतरी रिसॉर्टवर 'सहलीला' असतात आणि मतदानाच्या दिवशी गाडीतून थेट सभेला उतरतात, हे गावोगावी चालतं. ग्रामपंचायतीत सदस्य असतात 7 ते 17. सातांच्या पंचायतीत चार जण फिरवले की सरपंच फिरतो; दोन हजार मतदार सहलीला नेता येत नाहीत. आता मुद्दा तयार झाला. यावर भांडता येईल.

आणि दुसरी बाजू भांडतेच. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, असं झालं तर मासिक सभेत एकही ठराव पुढे सरकत नाही. त्यात गावाचं पाणी अडतं. मोठ्या वाडीतली भावकी एकगठ्ठा मत देते आणि लहान वस्त्यांना सरपंचपद कधीच मिळत नाही. सदस्यांमधून निवड असली तर त्या वस्त्यांच्या एखाद-दुसऱ्या सदस्यालाही वजन येतं. थेट निवडलेल्या सरपंचाला काढणंही अवघड: सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव केला तरी त्यावर ग्रामसभेची मोहोर लागावी लागते. हाच मुद्दा पहिली बाजू उलटवते. महाराष्ट्रात सरपंचांची निम्मी पदं महिलांसाठी राखीव आहेत; नवरा किंवा गटनेता सांगेल तशी सही न करणाऱ्या बाईला सदस्यच सहज काढू शकत असतील, तर आरक्षणाला अर्थ काय? एकच तरतूद दोन्हीकडून वापरता येते, हे मुलांना इथे पहिल्यांदा उमगतं. त्या तासानंतर घंटा झाली तरी वर्ग उठत नाही.

पुरावा हा यातला सगळ्यात किचकट भाग. मुलं सुरुवातीला व्हॉट्सअॅपवरून येतात. 'सर, 80 टक्के गावांना थेट सरपंच हवाय.' कोणी मोजलं? केव्हा? किती गावांत विचारलं? ही तीन प्रश्नांची चाळणी लावली की बरेच आकडे गळून पडतात आणि मुलं खऱ्या कागदांकडे वळतात: अधिनियमातली कलमं, जुनी वर्तमानपत्रं, ग्रामपंचायतीचं ठराव-पुस्तक, ग्रामसेवकाची मुलाखत. माजी सरपंच तर बोलायला उत्सुकच असतात. त्यांना थांबवणं कठीण. इथे एक खबरदारी. राज्य निवडणूक आयोग आणि भारत निवडणूक आयोग या दोन वेगळ्या संस्था आहेत आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्याचा आयोग घेतो, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून टाकावं. नाहीतर अर्धी पत्रं दिल्लीला लिहिली जातात.

एक उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ते कोणत्याच बाजूला नीट बसत नाही. जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा जाहीर लिलाव झाल्याचं उघड झालं. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. तेव्हा सरपंच सदस्यांमधून निवडायची पद्धत होती, म्हणून थेट निवडीवाले लगेच म्हणतात, बघा! त्यावर विरुद्ध गटातला एखादा शांतपणे विचारतो, पण बोली तर गावानेच लावली ना? सहलीला नेलेल्या चार सदस्यांनी नव्हे, गाव जमलेलं होतं. जे गाव मिळून लिलाव करू शकतं, ते थेट मतदानाआधी करणार नाही कशावरून? याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. शिक्षकाकडे उत्तर नसलेला प्रश्न वर्गात असावाच.

आता भीतीबद्दल. 'वर्गात राजकारण नको' हे वाक्य मुख्याध्यापकांकडून, पालकांकडून आणि बऱ्याचदा शिक्षकांकडूनच येतं. गंमत अशी, की मतदान शाळेच्याच खोल्यांत होतं, मतदार याद्या घेऊन दारोदार शिक्षकच फिरतात आणि विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 जागा खास शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. तरी भीती खोटी नाही. एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांत उन्नी-मुन्नी ही दोन पात्रं प्रश्न विचारत आणि पानोपानी व्यंगचित्रं होती. 2012 मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या, डॉ. आंबेडकरांना दाखवणाऱ्या 1949 सालच्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. चित्राबद्दल कोणाचं मत काहीही असो, देशभरातल्या शिक्षकांनी त्यातून घेतलेला धडा एकच होता: हात लावू नका.

हात लावायचा तर नियम हवेत. जर्मनीत 1976 साली बॉयटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षणातल्या भिन्न विचारांच्या अभ्यासकांनी काही तत्त्वांवर एकमत केलं. शिक्षकाने आपलं मत विद्यार्थ्यावर लादायचं नाही. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला परिस्थितीत आपलं हित कशात आहे हे तपासता आलं पाहिजे. नाझी राजवटीत शाळांचं काय झालं होतं, हे पाहिलेल्या देशाने हे केलं आहे. मी त्यात गावाकडचे दोन नियम जोडतो. पक्षाचं आणि व्यक्तीचं नाव घ्यायचं नाही, पद्धतीबद्दल बोलायचं. एकाच बाकावर दोन पॅनेलच्या उमेदवारांची मुलं बसतात, त्यांना संध्याकाळी एकत्र घरी जायचं असतं. आणि गट शिक्षकाने चिठ्ठ्या टाकून पाडायचे, म्हणजे ज्याच्या वडिलांचं पॅनेल थेट निवडीच्या बाजूचं, त्याच्या वाट्याला कदाचित विरुद्ध बाजू येईल.

चिठ्ठीवर मुलं कुरकुरतात. 'सर, मला हे पटतच नाही, मी कसं मांडू?' आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, मांडायचा आणि मग उत्तर द्यायचं, अशी शिस्त होती. प्रकल्पाच्या वहीत मी तीच ठेवतो. डाव्या पानावर विरोधकाचा मुद्दा, उजव्या पानावर आपलं उत्तर. डावं पान विरुद्ध गटाला वाचायला द्यायचं आणि 'हो, आम्हाला असंच म्हणायचंय' अशी त्यांची सही आणायची. सही मिळेपर्यंत उजवं पान कोरं. ही अट ऐकायला साधी वाटते, पण इथे हुशार मुलंही अडखळतात. विरोधकाचं म्हणणं मूर्खपणाचं करून मांडायची सवय आपण टीव्हीवरच्या चर्चांतून त्यांना लावलेली आहे.

शेवटचा टप्पा पत्राचा. पोस्टर नको, भाषण नको. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला पत्र. सरपंच निवडीचा कायदा विधिमंडळाचा, तेव्हा पत्र मतदारसंघाच्या आमदारांना. इथे महात्मा फुल्यांचं निवेदन समोर ठेवावं. 1882 मध्ये हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, तेव्हा 19 ऑक्टोबरला फुल्यांनी त्याला इंग्रजीत निवेदन दिलं. आपण कोण आणि कोणत्या अनुभवावर बोलतो हे आधी सांगितलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हा मुद्दा सरकारच्याच हिशेबाच्या भाषेत घातला. मग नेमक्या मागण्या: प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करावं, शिक्षक कसे असावेत, त्यांना पगार किती असावा. तेच फुले शेतकऱ्यांसाठी लिहितात तेव्हा भाषा पार निराळी असते. ऐकणारा कोण आहे हे ओळखून मांडणी बदलायची आणि मागणी मात्र तसूभर मऊ करायची नाही, हे नववीच्या मुलाला याहून चांगलं कुठे दाखवणार?

गुण कसे द्यायचे, हेही मुलांना आधीच सांगावं. माझ्या वीस गुणांपैकी आठ डाव्या पानाला, सहा पुराव्याला, चार पत्राला आणि सादरीकरणाला फक्त दोन. ढाल जिंकणारी मुलं यावर नाराज होतात. एरवी तोंड न उघडणारी, पण ग्रामपंचायतीत जाऊन ठराव-पुस्तक उतरवून आणणारी मुलं इथे वर येतात. मत बदललं म्हणून गुण कापायचे नाहीत. वहीत कारण लिहून मत बदललं असेल तर उलट एक गुण जास्त द्यावा.

शहरातल्या शाळांना सरपंच परका वाटेल. त्यांच्यासाठी नगराध्यक्षाचा प्रश्न आहे. त्याची निवड पद्धतही अशीच मागे-पुढे होत राहिली आहे. मतदानाचं वय 16 करावं का, हाही विषय चालतो. आपल्याकडे 61व्या घटनादुरुस्तीने 1989 पासून ते 21 वरून 18 वर आलं. ऑस्ट्रियाने 2007 मध्ये 16 केलं, ब्राझीलमध्ये सोळाव्या वर्षी ऐच्छिक मतदान करता येतं. मात्र या विषयात सायकलवर जाऊन आणायचा पुरावा कमी आणि इंटरनेटवरून उतरवायचा जास्त, म्हणून तो माझ्या पसंतीत मागे.

दिवाळीची सुटी संपली की दुसरं सत्र सुरू होतं. स्नेहसंमेलन आणि सराव परीक्षा यांच्या मधे सात-आठ तासिका निघतात, तेवढ्या पुरतात. शिक्षक असाल तर मुख्याध्यापकांना विषय आणि नियम आधी लेखी द्या, तोंडी परवानगीवर जाऊ नका. पालक असाल आणि मुलगी घरी येऊन तुमच्या पॅनेलच्या विरुद्ध मुद्दे मांडू लागली, तर शाळेला फोन करण्याआधी तिची वही मागून डावं पान वाचा आणि तुमचं म्हणणं तिने नीट लिहिलं असेल तर खाली सही करा.