जहाजावरील चित्रांचा लिलाव आणि आपल्या कारागिरांची जांगड

मोडनिंबहून आमच्या एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. पुणे-सोलापूर रस्त्यालगत ट्रकच्या पाट्या आणि दुकानांचे फलक रंगविणे हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. फ्लेक्सचे छापील फलक आल्यापासून हे काम निम्म्याहून कमी झाले, म्हणून काही वर्षांपासून ते लाकडी तक्त्यांवर तुगरे काढू लागले आहेत. अलीकडे मुंबईचा एक दलाल त्यांच्याकडे आला. परदेशी सहलींच्या मोठ्या जहाजांवर चित्रांचे लिलाव होतात, तेथे तुमच्या कामाला डॉलरचा भाव मिळेल, चाळीस तक्ते तयार ठेवा, पैसे माल विकल्यावर, असे त्याने सांगितले आणि एक छापील कागद सहीसाठी ठेवून गेला. पत्रलेखकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. असा धंदा खरोखर असतो काय? तो हलाल आहे काय? आणि कागदावर सही करावी काय?

आपल्याकडील जुन्या माणसांना जहाज म्हटले की मुंबईहून जेद्दाला जाणारे हाजींचे जहाज आठवते. ती वाहतूक १९९५ पासून बंद झाली. आता ज्यांना क्रूझ म्हणतात ती जहाजे म्हणजे तरंगती हॉटेले होत. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणारी कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही बोट सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि मुंबई बंदरातील नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. मात्र चित्रांच्या लिलावाची रीत इकडची नाही, ती अमेरिकेच्या बाजूची आहे. तेथे मिशिगन राज्यातील साउथफिल्ड गावी पार्क वेस्ट नावाची गॅलरी १९६९ मध्ये स्थापन झाली आणि १९९० च्या दशकापासून तिने कार्निव्हल, नॉर्वेजियन अशा कंपन्यांच्या जहाजांवर लिलाव चालविले. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. धंदा खरा आहे आणि मोठा आहे.

तो चालतो कसा, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. जहाजाची कंपनी स्वतः चित्रे विकत नाही. ती जागा देते आणि विक्रीतून आपला हिस्सा घेते. विकणारी गॅलरी वेगळी, लिलाव पुकारणारा तिचा माणूस. जहाज भर समुद्रात असते त्या दिवशी प्रवाशांना दुसरे काम नसते, म्हणून लिलाव बहुधा तेव्हाच ठेवतात. गिऱ्हाइकाला नंबराची पाटी देतात, पुष्कळदा हातात फुकटचा शॅम्पेनचा प्याला देतात आणि दिव्यांच्या झगमगाटात एकेक चित्र पुढे आणतात. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा घेणारा ढिगात हात घालतो, कांदा फोडून पाहतो आणि शेजारच्या गाळ्यावर काय भाव निघाला हे त्याला ठाऊक असते. जहाजावर शेजारचा गाळा नसतो. मोबाईलवर भाव पडताळायचा तर समुद्रातले इंटरनेट महाग. चित्राची खरी किंमत अमुक आहे असे सांगणारा दाखलाही बहुतेक वेळा विकणारेच देतात!

जे चित्र पुढे आणले तेच घरी येईल, हेही गृहीत धरता येत नाही. पुष्कळ चित्रे एकाच नमुन्याच्या शेकडो प्रतींपैकी असतात. समोरची प्रत नमुन्याची आणि गिऱ्हाइकाची प्रत मागाहून गोदामातून पार्सलने येते. बोलीवर लिलावाचा आकार आणि वाहतूक चढते, शिवाय मायदेशी पार्सल आले की सीमाशुल्क वेगळे.

येथे ‘ओरिजिनल’ या शब्दाचा उलगडा करणे भाग आहे, कारण सगळी मेख त्यातच आहे. एका हाताने एकदाच काढलेले चित्र ओरिजिनल, हे कोणीही सांगेल. दगडावर रेखून किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरून कलावंताने स्वतः मर्यादित प्रती काढल्या, तर त्याही ओरिजिनल छाप समजल्या जातात आणि अशा प्रतीखाली १२५/३०० असा आकडा लिहितात, म्हणजे तीनशेपैकी एकशे पंचविसावी. पण चित्राचा फोटो घेऊन संगणकाच्या शाईयंत्रावर कॅनव्हासवर छापले, तर त्याला ‘जिक्ले’ असे भारदस्त फ्रेंच नाव देतात. हे नाव १९९१ मध्ये अमेरिकेतील एका छपाई कारागिराने बसविले. त्यावर कोणी ब्रशाचे चार फटकारे मारले की किंमत आणखी चढते. छापील माल छापील म्हणून विकला तर त्यात वावगे काही नाही. गिऱ्हाईक मात्र खाली आकडा आणि सही पाहून हाताचे काम समजून पैसे मोजतो, आणि विकणारा त्याचा गैरसमज दूर करण्याची घाई करीत नाही.

सहीवर तरी किती विसंबावे? स्पेनचा जगप्रसिद्ध चित्रकार साल्व्हादोर दाली याने कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या आणि १९७४ मध्ये असे सुमारे चाळीस हजार कागद घेऊन जाणारा ट्रक फ्रान्सच्या सीमेवर अडविला गेला. पुढे त्यांवर काय छापले जाईल याला सुमारच नव्हता. दालीच्या नावाने विकलेल्या छापील चित्रांवरूनच जहाजांवरील काही गिऱ्हाइकांनी अमेरिकेत कोर्टाची वाट धरली. २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यावर मोठा लेख छापला. गॅलरीने आरोप नाकारले. खऱ्याखोट्याचा निवाडा करण्यास आम्ही येथे बसलेलो नाही. पण गिऱ्हाइकांना दाद मागणे किती जड गेले, हे आपल्या व्यापारी बंधूंनी ध्यानी घ्यावे. जहाज एका देशात नोंदलेले, सौदा तिसऱ्याच समुद्रात झालेला, आणि वाद कोणत्या गावच्या कोर्टात चालेल हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले.

आता हलाल-हरामचा प्रश्न. लिलाव स्वतः नाजायज नाही. हजरत अनस (रजि.) यांची रिवायत अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. एक गरजू अन्सारी मदत मागण्यास आले असता अल्लाहचे प्रेषित (स.) यांनी त्यांच्या घरातील एक जाड कापड आणि एक प्याला मागविला आणि कोण घेतो म्हणून विचारले. एकाने एक दिरहम देऊ केला. याहून जास्त कोण देतो, असे विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिले आणि सौदा झाला. त्यातील एका दिरहमात घरच्यांसाठी अन्न आणि दुसऱ्यात कुऱ्हाड घेऊन त्या अन्सारींनी लाकूडतोडीचा धंदा धरला. कारागिराच्या पोटाची सोय लिलावाने झाली, ही गोष्ट आमच्या वाचकांना जवळची वाटेल.

मनाई आहे ती ‘नजश’ची. घ्यायचे नाही, पण दुसऱ्याला चढवायला म्हणून बोली लावायची, याला नजश म्हणतात. आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे विकणाऱ्याने खोटी बोली लावून भाव चढविला असेल, तर घेणारा सौदा मोडू शकतो. जहाजावरील काही लिलावांत चित्र पाठमोरे ठेवून ‘गुपित’ म्हणून विकतात. येथे ‘गरर’चा, म्हणजे वस्तू कोणती हेच ठाऊक नसताना केलेल्या सौद्याचा प्रश्न येतो. हनफी मसलकात न पाहिलेला माल घेणाऱ्याला पाहिल्यावर परत करण्याचा हक्क राहतो. शाफई मसलकाच्या प्रसिद्ध मतानुसार, आणि कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई आहेत, असा सौदा मुळातच धरला जात नाही. पाठमोरा माल विकून परतीचा हक्कही नाकारणे कोणत्या मसलकात बसते, हे आम्हांस तरी दिसत नाही. याविषयी आपापल्या उलेमांना अवश्य विचारावे.

पत्रलेखकांनी न विचारलेली एक गोष्ट आम्हीच काढतो. तुगऱ्यात कुरआनची आयत असते. जहाजावर लिलाव आणि मद्य एकाच दालनात चालतात. आपण काढलेली आयत तेथे प्याल्यांच्या शेजारी मांडली जाईल, हे कारागिराला मान्य आहे काय? आयत टाळून वेलबुट्टी, जाळीची नक्षी किंवा देखावा काढून देण्यास कोणाची हरकत नसावी.

आता तो कागद. ‘पैसे विकल्यावर’ याला आपल्या बाजारात जांगड म्हणतात आणि साडीच्या दुकानापासून सराफकट्ट्यापर्यंत सर्वांना ती ठाऊक आहे. जांगडीत माल गेला तरी मालकी कारागिराचीच राहते. त्यामुळे समुद्राच्या दमट खाऱ्या हवेने तक्ता फुगला, वर्ख उडाला, तर सामान्यतः नुकसानही त्याचेच. दलालाचा निष्काळजीपणा सिद्ध करता आला तरच भरपाई मागता येते, आणि भर समुद्रातला निष्काळजीपणा मोडनिंबात बसून सिद्ध कसा करणार? पत्रलेखकांच्या हिशेबाने एका तक्त्याला लाकूड, रंग आणि वर्ख मिळून सहाशे रुपये लागतात. चाळीस तक्ते म्हणजे चोवीस हजार रुपये, मजुरी वेगळी. एवढे भांडवल किती महिने अडकेल, याविषयी कागदात अक्षर नाही.

येथे कायदा कारागिराच्या मदतीला येऊ शकतो, फक्त तारीख घातली पाहिजे. त्याच मालविक्री कायद्याच्या कलम २४ प्रमाणे जांगडीच्या मालाला मुदत ठरविली असेल आणि नापसंती न कळविता घेणाऱ्याने माल मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर विक्री पुरी झाली असे धरतात आणि पैसे देणे त्याच्यावर येते. मुदत लिहिलेली नसेल तर ‘वाजवी काळ’ किती, यावर वाद घालीत बसावे लागते. म्हणून जांगड पावतीवर परतीची तारीख, नगांची संख्या, प्रत्येक नगाचा ठरलेला रुपयांतील भाव आणि माल बिघडल्यास भरपाई कोणी द्यावी, इतके लिहून घ्यावे. जहाजावर काय बोली आली त्याचा टक्का मागू नये. ती बोली आपणांस कोण दाखविणार आहे?

कागदातील सर्वांत घातक ओळ आम्हांस वाटते ती वेगळीच आहे. चित्रांचे ‘सर्व हक्क’ दलालाकडे राहतील, असे तीत म्हटले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकले म्हणून ते छापण्याचा हक्क विकला जात नाही. तो लेखी सहीनेच देता येतो. कागदात मुदत नसेल तर तो पाच वर्षांपुरता आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता समजला जातो. येथे मात्र कायमचा आणि जगभरचा हक्क मागितला आहे. म्हणजे चाळीस तक्त्यांचे फोटो घेऊन हजारो जिक्ले छापता येतील, लिलावात तेच विकले जातील, आणि मूळ तक्ते न विकता परत आले तरी तक्रारीला जागा राहणार नाही. दलालाच्या मनात तसे आहेच, असे आम्ही म्हणत नाही. कागद मात्र तशी मुभा देतो. ती ओळ खोडून दोघांनी तिच्याशेजारी सही करावी. छापायचेच असेल तर प्रत्येक प्रतीमागे मोबदला ठरवून वेगळा कागद करावा.

हाताच्या कामाला कायद्याने वेगळे मानले आहे, हेही ठाऊक असू द्यावे. सीमाशुल्काच्या आणि जीएसटीच्या ९७०१ या सदरात संपूर्णपणे हाताने काढलेली चित्रेच येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. छापील प्रत या सदरात बसत नाही. म्हणून बिलावर ‘हाताने काढलेला तुगरा, एकच नग’ असे स्पष्ट लिहावे आणि तक्त्याच्या मागे नाव, गाव, साल घालावे. ट्रकच्या पाटीवर कोणी सही करीत नाही, त्यामुळे आपल्या रंगाऱ्यांना ती सवय नाही. मोडनिंबवरून जाणारी रेल्वे ज्या मिरजेला पोहोचते, तेथील सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या ते काम करणारे कारागीर आपलेच बांधव आहेत आणि आज त्यांच्या गावाच्या नावालाच किंमत आहे.

आमचा सल्ला असा की चाळीस नव्हे, पाच तक्ते द्यावेत, तेही निम्मी रक्कम रोख घेऊन. दलाल खरा व्यापारी असेल तर पाच तक्त्यांना नाही म्हणणार नाही.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, तिने आम्ही दचकलो. गावात कोणाकडे हस्तलिखित कुरआन शरीफ किंवा जुन्या सनदा असतील तर त्याही पाहतो, असे दलाल जाता जाता म्हणाला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे मोलाचे हस्तलिखित ७५ वर्षांहून जुने असेल आणि इतर पुरावस्तू १०० वर्षांहून जुनी असेल, तर ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. शिक्षा कमीत कमी सहा महिन्यांची, जास्तीत जास्त तीन वर्षांची, आणि दंड वेगळा. अशी वस्तू दलालाच्या हाती देणे तर सोडाच, तिचा फोटोही त्याच्या मोबाईलवर पाठवू नये.