टीव्हीचा डबा कुणी निवडायचा?

२०२० चा ऑगस्ट महिना. कल्याण पूर्वेला आमच्या बचत गटाची बैठक कितीतरी महिन्यांनी भरली होती. चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत, तोंडाला मास्क लावून, हातभर अंतर ठेवून बायका बसल्या होत्या. कर्जाचे अर्ज एकेक करून वाचले जात होते. कुणाला किराणा भरायचा होता, कुणाला घरभाडं. मग एकीची पाळी आली. चार घरी पोळ्या करणारी आमची मैत्रीण. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगी चौथीत, नवरा नाही. ती हळूच म्हणाली, "ताई, मला नऊशे रुपये पाहिजेत. केबलचे तीन महिन्यांचे थकलेत. कनेक्शन कापलंय."

एकदम हशा पिकला. गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "टीव्हीसाठी कर्ज? अगं, खायचे वांधे आहेत आणि तुला सिरियली सुचतात!"

खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

पण तिचं म्हणणं वेगळं होतं. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली होती. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ती केली होती. शाळा बंद, घरात स्मार्टफोन नाही. त्यामुळे या मुलीची शाळा म्हणजे सह्याद्री वाहिनी. कनेक्शन कापल्यावर ती शेजारच्या खिडकीबाहेर उभी राहून बघायची. कोरोनाचे दिवस, घरात घेणार कोण? त्यातून पावसाळा. "पोरगी छत्री धरून शिकते हो ताई," ती म्हणाली, तेव्हा हसणाऱ्या बायका गप्प झाल्या.

मग गटातल्याच दुसऱ्या एकीने विचारलं, "थकबाकी भरून परत तेच तीनशे रुपये महिना सुरू करणार? त्यापेक्षा छत्री का नाही घेत? आमच्या गावाला आहे की. महिन्याला काही द्यावं लागत नाही."

ही ‘गावाकडची छत्री’ म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने ती ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. पुढे नाव बदललं, वाहिन्या वाढल्या. गावाला गेल्यावर पत्र्यावरची ती छत्री मीही शंभरदा पाहिली होती. पण आपण शहरातल्या, आपल्याला ती कशाला, असं मनात कुठेतरी होतंच. गरिबांचा टीव्ही म्हणून मी तिची साधी चौकशीही केली नव्हती. त्या दिवशी मात्र करायची ठरवली.

आपण निवडलाच कधी?

चौकशी करताना आधी माझंच घर आठवलं. आम्ही डोंबिवलीकर. लहानपणी चाळीच्या कौलांवर काडीचा अँटेना, त्याचं तोंड मुंबईकडे. पडद्यावर मुंग्या आल्या की भाऊ वर चढायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!" मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि आमच्या पिढीला सगळं त्याच काडीवरून मिळालं. निवडायचं असं काही नव्हतंच.

मग केबल आली. आणि मग आला ३१ मार्च २०१३. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही होती. मुंबईत तो बदल आदल्या वर्षीच, ३१ ऑक्टोबर २०१२ ला झाला होता. "बॉक्स घ्या, नाहीतर टीव्ही बंद," असं सांगत आमचा केबलवाला दारात आला. यजमानांनी पैसे दिले, केबलवाल्याने डबा लावला. पावती नाही, अर्ज नाही, कुठल्या वाहिन्या मिळणार याचा कागद नाही. पुढे केबलवाला बदलला आणि नवा म्हणाला, "हा डबा माझ्याकडे चालत नाही." पुन्हा नवा डबा, पुन्हा पैसे. दरमहा दाराशी आलेल्या माणसाला पैसे मोजून देणारी मी, आणि डब्याबद्दल मला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ‘ट्राय’चे नवे नियम आले. हव्या त्या वाहिन्या एकेक करून निवडायचा हक्क ग्राहकाला मिळाला. तेव्हा शंभर साध्या वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे नुसतं जोडणी शुल्क होतं. सशुल्क वाहिन्यांची किंमत त्याच्या वर. पुढच्या वर्षी तेवढ्याच १३० रुपयांत दोनशे वाहिन्या आल्या आणि जुलै २०२४ मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकली गेली. म्हणजे आता कोण किती घेतो, हे आपणच विचारायला हवं. पण आपल्यापैकी किती जणींनी ती यादी हातात घेऊन खुणा केल्या? बहुतेक घरांत केबलवाल्याने जो ‘पॅक’ लावला तोच चालू राहिला.

आग्नेयेकडचं आकाश

तर आमच्या मैत्रिणीची छत्री. आम्ही दोघी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने एका खासगी डीटीएच कंपनीचा डबा पुढे केला. "बसवायचे पैसे नाहीत," म्हणाला. छान वाटलं. पण "महिन्याचं काय?" विचारल्यावर गाडी रिचार्जवर आली. आम्ही उठलो. दुसऱ्या दुकानात मात्र नीट माहिती मिळाली. तिथे आणि नंतर जे शिकले, ते सांगते.

फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या आपल्या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. आपल्या भागातून तो आग्नेयेला दिसतो. वास्तुशास्त्रवाले स्वयंपाकघराची म्हणून सांगतात ना, तीच दिशा. कल्याण पूर्वेला उभं राहून मलंगगडाकडे तोंड करायचं आणि जरा डावीकडे वळायचं. ठाण्यात मुंब्र्याच्या डोंगराच्या बाजूला बघायचं. नजर मात्र बरीच वर हवी, क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या मध्याच्याही थोडी वर. त्यामुळे डोंगर आड येत नाही, पण शेजारचा टॉवर येतो, नारळाचं झाडही येतं. गॅलरी पश्चिमेला असेल तर तिथे छत्री लावून उपयोग नाही. मग गच्ची हवी, आणि गच्ची म्हटली की सोसायटीची परवानगी. ती आधी घ्यावी, छत्री नंतर.

आमच्या मैत्रिणीचा पत्रा मोकळा होता. डबा, छत्री, वायर आणि बसवणावळ मिळून अठराशे रुपये झाले. गटाने ते कर्जाऊ दिले, तीनशे रुपयांचे सहा हप्ते, वर थोडं व्याज. जे तीनशे ती केबलला देत होती, तेच सहा महिने गटाला दिले की संपलं. वहीत ‘कारण’ या रकान्यात मी संकोचून ‘घरखर्च’ लिहायला लागले, तर ती म्हणाली, "नाही ताई, टीव्हीचा डबाच लिहा. चोरी थोडीच आहे?"

छत्री लागली त्याच संध्याकाळी धो धो पाऊस आला आणि चित्र गायब! मुलगी रडायला लागली. मला फोन. मी त्या जोडणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काकू, मुसळधार पावसात असं होतं. पावसाचं पाणी सिग्नल शोषून घेतं. थांबला की येईल." आणि खरंच आलं. सकाळी टिलीमिली घरात बसून.

आधी यादी, मग डबा

याचा अर्थ सगळ्यांनी फ्री डिश घ्यावी असा नाही. माझ्या घरी ती चालली नसती. आमच्या सासूबाईंना संध्याकाळच्या ठरलेल्या मालिका हव्यात आणि झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या सशुल्क वाहिन्या फ्री डिशवर नाहीत. म्हणून आम्ही केबल ठेवली. पण आठवडाभर फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि घरात खरोखर काय बघितलं जातं ते लिहीत गेलो. एवढ्या वाहिन्यांतून निघाल्या मोजून अकरा! उरलेल्या सशुल्क वाहिन्या काढून टाकायला सांगितल्या. कुरकुर झाली, पण बिल उतरलं.

तुम्हीही आधी यादी करा. बातम्या, सह्याद्री, जुने सिनेमे, भजनं, मुलांचा अभ्यास एवढ्यावर घर खूश असेल तर फ्री डिश भरपूर आहे. तिच्यावर आकाशवाणी ऐकू येते, आणि २०२० पासून इयत्तावार शैक्षणिक वाहिन्याही आल्या. आमच्या मैत्रिणीची सासू पडल्या पडल्या आकाशवाणीची गाणी ऐकायची. मात्र फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्या कायमच्या नसतात. त्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि यादी बहुधा १ एप्रिलपासून बदलते. मोठ्या कंपन्यांच्या काही लोकप्रिय हिंदी वाहिन्या १ मार्च २०१९ ला निघून गेल्या, जून २०२० मध्ये परतल्या आणि १ एप्रिल २०२२ ला पुन्हा गेल्या. एखाद्या खासगी वाहिनीच्या भरवशावर छत्री घेऊ नका.

डबा घेताना दुकानात एवढं विचारा:

एमपेग-४ चा डबा आहे का? जुन्या एमपेग-२ च्या डब्यावर सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत.

आपल्या टीव्हीला जोडता येईल का? जुन्या जाड टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर लागते, नव्याला एचडीएमआय. काही नव्या टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. पुस्तिका बघा, कदाचित वेगळा डबा लागणारही नाही.

घरात खासगी डीटीएचची जुनी छत्री पडून आहे का? बहुतेक वेळा तीच दिशा फिरवून वापरता येते. पण त्या कंपनीचा किंवा केबलवाल्याचा डबा फ्री डिशसाठी धरून चालू नका.

पक्कं बिल आणि वॉरंटी मागा. फ्री डिशला महिन्याचं शुल्क नाही, त्यामुळे ‘रिचार्ज’चे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. फसवणूक झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणि काडीचा अँटेना? दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत अँटेनावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, पण त्याच्यासाठी डीव्हीबी-टी२ चा वेगळा डबा किंवा तसा टीव्ही लागतो. जुनी प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद झाली, म्हणून माळ्यावरचा अँटेना जुन्या टीव्हीला जोडून काही दिसणार नाही. कुणी असा डबा विकायला आला तर "माझ्या घरी लावून दाखव, दिसलं तर पैसे देते," एवढंच म्हणा.

शेवटची गोष्ट, डबा चालवायला शिका. वाहिन्या गायब झाल्या की जोडणाऱ्या मुलाला बोलावून दीडशे रुपये द्यायची गरज नसते. रिमोटच्या मेनूत ‘ऑटो स्कॅन’ असतं, दोन बटणं दाबली की डबा स्वतः वाहिन्या शोधतो. आमची ही मैत्रीण ते पहिल्या आठवड्यातच शिकली. आता चाळीत कुणाच्या वाहिन्या गेल्या की हाक तिलाच येते. हसणाऱ्या त्या मावशींनीही पुढच्या वर्षी छत्री घेतली, आणि स्कॅन करून द्यायला हीच गेली होती.

तिची मुलगी आता हायस्कूलात आहे. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटपर्यंत त्यांची सातची बातमी चुकली नाही, असं ती सांगते. कर्ज तर २०२१ च्या सुरुवातीलाच फिटलं. तेव्हापासून ते तीनशे रुपये ती गटात वेगळे टाकते, वर्षाला तीन हजार सहाशे. मुलीच्या बारावीनंतरच्या फीसाठी.

मैत्रिणींनो, आपण भाजी घेताना चार गाड्या फिरतो, साडी घेताना दहा घड्या मोडतो. टीव्हीचा डबा मात्र दारात येईल तो घेतो. पुढच्या वेळी केबलवाला किंवा दुकानदार "साहेबांना विचारून घ्या" म्हणाला, तर त्याला आत बसवा, पाणी द्या आणि यादी आपणच पुढे करा. पैसे आपल्याच डब्यातून जाणार आहेत ना!