विश्लेषण : विनाचालक गाडीला रस्ता दिसतो, पण कळतो का?

१८ मार्च २०१८ ची रात्र. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील टेम्पे शहरात एक महिला हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. समोरून येणाऱ्या उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच 'दिसली' होती. तरीही तिचा जीव गेला.

नेमके काय चुकले?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने याचा तपास केला. यंत्रणा त्या महिलेला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, तर कधी सायकल समजत राहिली. ओळख बदलली की आधीच्या हालचालींची नोंद बाद होई आणि ती कुठे जाणार, हा अंदाज पुन्हा पहिल्यापासून बांधला जाई. शिवाय झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल, याचा विचारच त्यात केलेला नव्हता. देखरेखीसाठी बसलेल्या चालकाचे लक्षही रस्त्यावर नव्हते.

सेन्सर असूनही अडचण का?

कॅमेरा, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारे लायडार यांमुळे समोर काहीतरी आहे, हे गाडीला समजते. अवघड आहे ते पुढच्या क्षणाचा अंदाज बांधणे. रस्त्यावर चेंडू घरंगळत आला, की मागोमाग मूल धावत येईल, हे चालक ओळखतो. गाडीला ते शिकवावे लागते.

थांबली म्हणजे सुटली?

तसेही नाही. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली महिला क्रूझच्या विनाचालक टॅक्सीसमोर पडली. टॅक्सीने ब्रेक लावला, तरी धडक बसली. त्यानंतर ती रस्त्याच्या कडेला जाऊ लागली आणि खाली अडकलेली महिला सुमारे २० फूट फरफटली. धडकेनंतर कडेला व्हावे, हे टॅक्सीला ठाऊक होते. खाली माणूस आहे, हे नव्हते. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने क्रूझचे विनाचालक परवाने निलंबित केले.

मग आता पुढे काय?

टेम्पेजवळच्या फिनिक्स परिसरात वेमोच्या विनाचालक टॅक्सी २०२० पासून सर्वसामान्य प्रवाशांसाठी खुल्या आहेत. मात्र आधी बारकाईने नकाशे केलेल्या ठराविक भागांतच. भारतात अशा गाड्या येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले. त्यांनी कारण दिले चालकांच्या रोजगाराचे. पण पुसट लेन, उलट दिशेने येणारी दुचाकी आणि हात दाखवून रस्ता ओलांडणारा पादचारी, ही परीक्षाही सोपी नाही.